जोडलेल्या नोंदींसह

वाचनालयात नवी संगणक प्रणाली बसली आणि त्याच दिवशी कार्डबाई अस्तित्वात नसल्याचं उघडकीस आलं.

कार्डबाई तिथल्याच निवृत्त कर्मचारी. एकतीस वर्षं त्यांनी जांभळ्या शाईत सभासदांची कार्डं लिहिली. लाकडी खणात कार्डं, प्रत्येकाच्या तळाला भोक आणि भोकांतून आरपार पितळी दांडा. दांडा ओढला की हवं ते कार्ड अलगद निघायचं, शेजारचं हलतही नसे. आज बाईंना फक्त एका कादंबरीचा दुसरा भाग हवा होता. पहिल्या भागाच्या शेवटी नायिकेनं दाराची कडी काढली होती. दारात कोण आहे ते कळेपर्यंत बाईंच्या डोळ्याला डोळा लागणार नव्हता.

"बाई, तुमची नोंद जतन होत नाहीये," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आधी तुमच्या हमीदाराची जतन व्हायला हवी."

"मग कर की! माझी नणंदच हमीदार आहे."

"त्यांचीही होत नाही. त्यांच्या हमीदार तुम्ही."

प्रणाली बसवणारे इंजिनिअर आले. त्यांनी पडद्याकडे बघून मान हलवली. "दोघी एकमेकींकडे बोट दाखवताय. आधी कोणाला धरायचं ते यंत्राला समजत नाही."

"माझ्या लग्नापासून ते कोणालाच समजलेलं नाही," बाई म्हणाल्या.

इंजिनिअरांनी एका चौकटीत खूण केली. चौकटीपुढे लिहिलं होतं, 'जोडलेल्या नोंदींसह'. मग बाईंबरोबर नणंद जतन झाली. नणंदेबरोबर तिनं आजवर नेलेली पुस्तकं, पुस्तकांबरोबर ती नेणारे सगळे सभासद, सभासदांबरोबर त्यांचे हमीदार. पोहण्यावरचं पुस्तक एकदाच नेऊन भिजवून आणणारे दंतवैद्यसुद्धा सुटले नाहीत. दुपारपर्यंत अख्खं वाचनालय बाईंच्या मागोमाग जतन झालं. आता फक्त हमीदाराची सही राहिली होती.

नणंदबाई आल्या, चष्मा लावला आणि छापील कागद मोठ्यानं वाचू लागल्या. "मुख्य नोंद, भावजय. जोडनोंद... नणंद? मी हिची जोडनोंद?"

"वन्सं, ते यंत्रानं लिहिलंय हो."

"यंत्राचे कान कोणी भरले, वहिनी? ते काही नाही. माझं नाव काढा. आत्ताच्या आत्ता!"

काउंटरवरचीनं काढलं. चौकटीतली खूण तशीच होती.

नणंद गेली आणि तिच्यापाठोपाठ जोडलेले सगळे गेले. कार्डबाई गेल्या, पुस्तकं गेली, सभासद गेले, काउंटरवरचीही गेली, कारण तीही सभासद होती. पडद्यावर अक्षरं उमटली, 'सभासद शून्य. पुस्तकं शून्य. प्रक्रिया यशस्वी.'

"अहो, हे काय झालं?" काउंटरवरची रडकुंडीला आली.

"चूक नाहीये," इंजिनिअर शांतपणे म्हणाले. "यशस्वी लिहिलंय ना."

व्यवस्थापकांनी तातडीनं परिपत्रक काढलं, 'अस्तित्वात नसलेल्या सभासदांनी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांना हात लावू नये.'

कार्डबाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्या तिसऱ्या कपाटाशी गेल्या, पुस्तकाच्या पाठीवर स्वतःच्या हातानं चिकटवलेली चिठ्ठी ओळखली आणि दुसरा भाग काखेत मारून दाराशी आल्या.

"काय नेताय, बाई?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"तुमच्या पडद्यावर बघा ना."

त्यानं बघितलं. "काहीच नाही."

"आणि कोण नेतंय?"

त्यानं पुन्हा बघितलं. "कोणीच नाही."

"मग अडवताय कोणाला?"

पायऱ्यांवरच बाईंनी पहिलं पान उघडलं. दारात नायिकेची नणंद उभी होती.

"वाचून झालं की मला द्या हं, वहिनी," मागून आवाज आला. रुसवा अर्धाच उतरला होता.

आता तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे प्रणालीच्या नियमानं तुम्हीही या गोष्टीला जोडले गेलात. नणंदबाईंनी ही गोष्ट अजून वाचलेली नाही. त्या आपलं नाव काढायला सांगतील त्याआधी तुम्ही स्वतःचं नाव कागदावर, शाईनं, कुठेतरी लिहून ठेवा.