अकरा डोलणाऱ्या माना

"पाळण्यापासून पेटीपर्यंत! बाळाच्या पहिल्या प्रार्थनेपासून म्हाताऱ्याच्या शेवटच्या आमेनपर्यंत, सगळ्यांना विश्वासाचं शिक्षण मी एकटा देतो. तुम्ही मला फक्त एक कॉम्प्युटर द्या!"

चर्चच्या कमिटीत मास्तरांनी टेबलावर मूठ आपटून हे सांगितलं, तेव्हा पाळकांच्या कपातला चहा बशीत उतरला. चाळीस वर्षं संडे स्कूल चालवलेला माणूस. बशीतला चहा पिणारे हे पाळकसुद्धा एकेकाळी त्यांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून नाक ओढायचे. आता ते मोठे झाले होते आणि त्यांच्या हातात ॲप होतं.

चर्चचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं. तीन महिने दार बंद. तोवर मंडळीचं सगळं शिक्षण त्या ॲपवर चालवायचं असं ठरत होतं. सकाळी वचन, दुपारी प्रश्न, चारातलं एक उत्तर निवडायचं. सात दिवस न चुकता वाचलं की मोबाइलमध्ये एक मेंढरू टुणकन उडी मारायचं!

"मेंढरू उडी मारतं म्हणजे विश्वास वाढला का?" मास्तर कडाडले. "अहो, माणूस माणसाच्या तोंडाकडे बघून शिकतो!"

"बरं मास्तर," पाळक शरणागत आवाजात म्हणाले. "तीन महिने तुम्ही ऑनलाइन वर्ग घ्या. चालला तर पुढे ठेवू. नाही चालला तर... मग ॲप."

मास्तर छाती फुगवून घरी आले आणि दार लावताच ती छाती खाली बसली. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी दूर देशात. आठवडाभर घरात घड्याळ आणि नळ एवढेच काय ते बोलायचे. रविवारचा वर्ग ही एकच जागा उरली होती जिथे मास्तरांना कुणी "मास्तर" म्हणायचं. तोही गेला तर हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं. हे त्यांनी कमिटीत सांगितलं नाही. असल्या गोष्टी मूठ आपटून सांगता येत नाहीत.

मुलीने तिकडून फोनवर सगळी जोडणी सांगितली. "पप्पा, अजून एक. गोंगाट होऊ नये म्हणून वर्गात येणाऱ्यांचे आवाज मी आधीच बंद..."

"हो, हो, कळलं!" मास्तर टेबलाखालून ओरडले. ते तिथे योनाचा मासा शोधत होते. त्यांच्याकडे फलालीनचा एक जुना फळा होता. त्यावर कापडातून कापलेली चित्रं चिकटवून ते गोष्ट सांगत. मासा, होडी, मेंढरू, झुडूप, काठीवाला माणूस. चाळीस वर्षांत मेंढराचा एक पाय गेला होता, तरी चाल चांगली होती.

मासा सापडला. मास्तरांनी कोट चढवला, कॉम्प्युटरसमोर बसले आणि खालच्या कोपऱ्यात माइकचं चित्र बघितलं. ते काळं होतं. मास्तर हसले. इस्त्री, गिझर, मिक्सर, घरातलं कुठलंही यंत्र घ्या, लाल दिवा लागला की चालू! त्यांनी चित्रावर बोट दाबलं. चित्र लाल झालं, वर एक तिरकी रेघही आली. ती रेघ म्हणजे माइकचा दांडा असणार, असं मास्तरांनी ठरवलं. त्या दिवसापासून लाल झाल्याशिवाय त्यांनी एकही पाठ सुरू केला नाही. शिस्त म्हणजे शिस्त!

पाळण्यातलं कुणी आलं नाही. शाळेतलं नाही, कॉलेजातलं नाही. आले ते अकरा जण, आणि सगळे पेटीच्या बाजूचे. निवृत्त नर्सबाई, घरातच दुकान थाटलेले घड्याळवाले, शिवणकाम करणाऱ्या काकू आणि असेच आणखी आठ. सगळे घरात एकेकटे. पण काय ते लक्ष! मास्तर बोलायचे आणि अकरा माना एका तालात डोलायच्या. वर्गात बोलायचं नाही हा मास्तरांचा जुना नियम कुणी मोडला नाही. सोमवार ते शुक्रवार चार वाजता वर्ग सुरू, पावणेपाचला प्रार्थना, मग सगळे हात हलवून निरोप घेत. पाठोपाठ ग्रुपवर संदेश येत. "पाठ आवडला." "मनाला भिडलं, मास्तर." मास्तर ते संदेश चहाबरोबर वाचायचे, आणि चहा संपला की पुन्हा वाचायचे.

एकच गोष्ट खटकत होती. शेवटची प्रार्थना सगळे मिळून म्हणत, तेव्हा अकरा तोंडं हलताना दिसत, पण आवाज येत नसे! मास्तरांनी कानाशी चुटकी वाजवली. ऐकू आली. कुकरची शिट्टी ऐकू आली. रविवारी मुलीचा फोनही नीट ऐकू आला, पण तो तर थेट कानातच लावलेला. म्हणजे समोरच्या माणसाचा आवाज तेवढा गेला! मास्तरांनी विचार केला, दोन वर्षं घरात माणूस बोललेलं नाही, न वापरलेलं कुलूप गंजतं तसे हे कान गंजले असणार. त्यांना फार वाईट वाटलं. पण बोलले नाहीत. बहिऱ्या मास्तराला वर्ग कोण देईल?

दुसरा महिना सरताना त्यांनी हरवलेल्या मेंढराचा पाठ घेतला. फळ्यावर मेंढरू, झुडूप आणि काठीवाला माणूस. मेंढरू पडलं, त्याला शोधायला मास्तर टेबलाखाली गेले, वर आले तेव्हा अकराही जण हसत होते. पाठ रंगला! त्या भरात मास्तरांनी ग्रुपवर प्रश्न टाकला, "आज काय शिकलात?"

उत्तरं आली. काकूंनी लिहिलं, "अब्राहामाला ऐन वेळी झुडपात मेंढा सापडला, तसा देव आपलीही सोय करतो." घड्याळवाल्यांनी लिहिलं, "दावीद मेंढपाळ होता, तरी राजा झाला." नर्सबाईंनी लिहिलं, "वाकताना गुडघ्याला आधार द्यावा." एकाने नोहाचं तारू आणलं होतं.

मास्तर आधी चक्रावले. मग त्यांचे डोळे पाणावले. किती खोल विचार करतात ही माणसं! चाळीस वर्षं मुलांनी शेजारच्याचं बघून एकच उत्तर दिलं होतं.

ग्रुपवरची उत्तरं वाचून पाळकांच्या आनंदाला तर भरतंच आलं. त्यांनी फोन केला. "मास्तर, एका पाठातून अकरा अर्थ! माझ्या ॲपवर सगळ्यांचं उत्तर एकच येतं, 'ब'! मी आमच्या मोठ्या पाळकांना कळवलंय. शुक्रवारी ते तुमच्या वर्गात येणार, एकेकाला तोंडी प्रश्न विचारणार. त्यांना पटलं की वर्ग कायमचा!"

मास्तरांनी घाईघाईने फोन ठेवला. तोंडी? म्हणजे उत्तरं ऐकावी लागणार! शुक्रवारी सगळं पितळ उघडं पडणार!

बुधवारी सकाळी, या कानाचं त्या कानाला कळू न देता, मास्तर कानाच्या डॉक्टरकडे निघाले. ओळखू येऊ नये म्हणून डोक्याला टोपी, गळ्यात मफलर. ऊन असं की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा त्यांच्याकडे दयेने बघत होतं.

दवाखान्यात सगळ्या खुर्च्या भरलेल्या. आणि प्रत्येक खुर्चीत एक उघडलेलं वर्तमानपत्र! मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. एका वर्तमानपत्राखाली नर्सचे पांढरे बूट दिसत होते. दुसरं वर्तमानपत्र धरलेल्या दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ होतं. तिसऱ्यामागून शिवणाची टेप लोंबत होती.

"अरे!" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

नऊ वर्तमानपत्रं खाली आली.

"मास्तर!" काकू किंचाळल्या. "तुमचा आवाज! मला तुमचा आवाज ऐकू आला!"

"मलासुद्धा!" घड्याळवाले उठून उभे राहिले. "दोन महिन्यांनी! मनगटावरची टिकटिक ऐकू यायची, पण तुमचं एकही अक्षर नाही!"

"म्हणजे तुम्हालाही येत नव्हतं?" नर्सबाईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं. "मग मान का डोलवत होतात?"

"तुम्ही डोलवत होता म्हणून!"

आतून डॉक्टर बाहेर आले. "तुम्ही सगळे एकाच चर्चचे का हो? काल दोघं येऊन गेले, आज तुम्ही. एकाचाही कान बिघडलेला नाही! नेमकं कोण ऐकू येत नाही?"

नऊ बोटं मास्तरांकडे वळली.

"आणि मला हे सगळे!" मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी मास्तरांना वर्ग कसा सुरू करता ते विचारलं. मास्तरांनी इस्त्री आणि गिझरपासून सविस्तर सांगितलं. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "मास्तर, लाल म्हणजे बंद. आणि या मंडळींचे आवाज आधीपासूनच बंद करून ठेवलेले असणार."

मास्तर घड्याळवाल्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसले. बेचाळीस पाठ! समुद्र दुभंगला, तटबंदी कोसळली, लाजर कबरेतून उठून आला, आणि कुणाला काही पत्ताच नाही! बेचाळीस दुपारी कोट घालून ते रिकाम्या खोलीशी बोलत होते.

"एकानेही विचारलं नाही," ते हळूच म्हणाले. "घरात कुणाला तरी विचारायचं होतं, ऐकू येतंय का म्हणून."

"घरात कोण आहे विचारायला?" नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं.

मग काकू टेप गुंडाळत म्हणाल्या, "मला वाटलं, बाकीच्यांना ऐकू येतंय, मलाच येत नाही, म्हणजे देवाने माझेच कान बंद केले. रोज रडायचे. पण चार वाजले की पदर नीट करून बसायचे."

"ऐकू येत नव्हतं, तर येत का राहिलात हो?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही शेवटी हात हलवायचात," काकू म्हणाल्या. "दिवसभरात मला दुसरं कुणी हात हलवत नाही."

मास्तरांनी गळ्यातला मफलर काढला. फार उकडत होतं, आणि डोळे पुसायला दुसरं काही जवळ नव्हतं.

शुक्रवार उजाडला. मुलीने सगळ्यांचे आवाज सुरू करून दिले. मोठे पाळक पडद्यावर आले, गंभीर चेहऱ्याने त्यांनी विचारलं, "या वर्गाने तुम्हाला काय दिलं?" आणि त्याच क्षणी घड्याळवाल्यांच्या घरातल्या चोवीस घड्याळांनी चारचे ठोके द्यायला सुरुवात केली! त्यात कुणाचा कुकर, कुणाचा कुत्रा, कुणाची टीव्हीवरची भांडणं. बाजारात तरी एका वेळी एकच भांडण चालतं! मोठे पाळक पाच मिनिटं "काय? काय?" करत राहिले. शेवटी कान चोळत म्हणाले, "एवढी जिवंत मंडळी मी कुठे पाहिली नाही. वर्ग चालू ठेवा." आणि लगबगीने बाहेर पडले.

मास्तर जिंकले! सोमवारी त्यांनी नवा टाय बांधला. आज पहिला खरा पाठ, आवाजासह! माइकचं चित्र काळं आहे ना हे त्यांनी तीनदा बघितलं आणि लाजराची गोष्ट पहिल्या वचनापासून, नकाशा, वंशावळ आणि तारखांसह सुरू केली.

दहा मिनिटांत दोन माना डोलायच्या थांबल्या. वीस मिनिटांत घड्याळवाले घोरू लागले, तेही आवाजासह. पंचविसाव्या मिनिटाला नर्सबाईंनी हात वर केला.

"मास्तर, राग मानू नका. या गोष्टी आम्हाला लहानपणापासून पाठ आहेत. आधी तुमच्या तोंडाकडे बघून आम्ही आपापली गोष्ट लावायचो. त्यात मन रमायचं."

"मग?"

"तो लाल रंग परत लावता येईल का?"

मास्तरांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांचा अनुभव, आणि लोकांना तो आवाज बंद करून हवा! पण पडद्यावर अकरा चेहरे आशेने बघत होते. काकूंनी घाबरत घाबरत हात हलवला. मास्तरांनी सगळ्यांचे आवाज बंद केले. मग माइकच्या चित्रावर बोट दाबलं. लाल.

फळा रिकामाच होता. मास्तरांनी टायची गाठ सैल केली. आता कुणी ऐकत नाही हे त्यांना पहिल्यांदाच ठाऊक होतं. ते बोलायला लागले. लाजराचं नाही. बायको गेल्यापासून घर किती मोठं झालंय ते. सवयीने दोन कप चहा टाकतो आणि दुसरा ओतून देतो ते. रात्रीची प्रार्थना मोठ्याने म्हणायचं सोडलंय, कारण आमेन म्हणायला दुसरं कुणी नसतं, ते. हे त्यांनी मुलीला सांगितलं नव्हतं, पाळकांना नाही, आणि देवालाही जरा आडूनच सांगितलं होतं. बोलता बोलता आवाज चिरकला. समोर अकरा माना हळूहळू, एका तालात, बरोबर जागी डोलत होत्या. काकू तर पदराने डोळे टिपत होत्या.

पावणेपाच झाले. अकरा तोंडं हलली, शेवटी सगळ्यांचं मिळून आमेन झालं, आणि सगळ्यांनी हात हलवले.

मास्तरांनी चहा टाकला. एकच कप. तेवढ्यात ग्रुपवर नर्सबाईंचा संदेश आला.

"आजचा पाठ सगळ्यात छान झाला, मास्तर. माशाच्या पोटातला योना होता ना?"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने उत्तर टाइप केलं, "हो, योनाच."