ल्युबेनच्या सपाता

ल्युबेनला खाली वाकता येईनासं झालं होतं, आणि हे अजून फक्त त्याच्या पोटाला माहीत होतं. बायको बानित्सा, म्हणजे चीज भरलेली वेटोळी पोळी, करते चांगली, पण एका माणसाने अख्खं ताटभर वेटोळं संपवायचं नसतं, हे त्याला पंचावन्न वर्षांत कोणी शिकवलं नाही.

डोंगरावर तो तीस वर्षं स्नोबोर्ड शिकवत होता. बोर्डावर पाय बांधायचे तर आधी बर्फात बसायचं, पोटावरून पुढे वाकायचं आणि दोन्ही पायांचे दोन-दोन पट्टे कर्र कर्र आवळायचे. मागच्या हंगामात दुसऱ्या पायापर्यंत पोचेतो त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. आता स्नोबोर्ड शाळेची नवी मुख्य रालित्सा शनिवारी सगळ्या शिक्षकांना वर नेऊन पाहणार होती. जो कमी पडेल त्याची रवानगी खाली, पोरांना चढावर नेणाऱ्या सरकत्या गालिच्यावर, चार वर्षांच्या पोरांकडे. तिथे गेलेला माणूस वर परत येत नाही. पोरं त्याला आजोबा म्हणतात आणि नाक त्याच्या बाहीला पुसतात.

दुसरा उपाय होता. मागून पाय घालायची बाइंडिंग, म्हणजे बोर्डावर बूट अडकवायची पकड. टाचेमागची पाठ खाली पडते, उभ्या उभ्या पाय आत सरकवायचा, पाठ वर करून खटका लावायचा, झालं. पण गावातले जुने शिक्षक तिला सपाता म्हणत, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणत असे तो ल्युबेनच. "सपाता घालून माणसाने चुलीपाशी बसावं," हे त्याचंच वाक्य.

शेवटी तो शेजारच्या गावी जाऊन गुपचूप सपाता घेऊन आला आणि खोकं तळघरात कोबीच्या पिंपामागे लपवलं. लोणच्याचा कोबी ज्या घरात रोज लागतो, त्या घरात पिंपामागे वस्तू लपवणारा माणूस किती हुशार, ते सांगायला नको.

"हे काय आहे?" त्याची बायको स्पास्का खोकं घेऊनच वर आली.

"हळू बोल. कुणाला कळता कामा नये."

"नवी वस्तू आणलीस आणि कुणाचं तोंड गोड केलं नाहीस? अरे, लाभायची नाही ती. पाय मोडशील."

"स्पास्का, तुझ्या पाया पडतो, म्हणजे पडता आलं असतं तर पडलो असतो. एक अक्षर बोलू नकोस."

"मी कशाला बोलू," ती म्हणाली, आणि कोबी चिरायला बसली.

मग ल्युबेनने अक्कल चालवली. जुन्या बाइंडिंगचे पट्टे काढून तारेने नव्या बाइंडिंगवर बांधले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, जुनंच आहे. फक्त एक गोष्ट त्याला शनिवारी वर पोचल्यावर सुचली: पट्टे दाखवायचे तर बसायला हवं.

बाकीचे पाच शिक्षक पट्टे आवळायला बसले होतेच. ल्युबेनही बसला. पहिला पाय उभ्यानेच खटक्यात गेला होता. खोटे पट्टे त्याने कर्र कर्र वाजवले. दुसरा पाय आत गेला, पण खटका टाचेमागे, टाच पोटापलीकडे, आणि हात मधेच संपत होते. उभ्याने लागणारी वस्तू बसून लावायला गेला की असंच होतं.

"काय रे, अडकलं का?" शेजारून त्रायानने विचारलं. तोही अजून पहिल्याच पायावर होता.

"कुठे काय. थंडीने पट्टा आखडलाय."

तेवढं बोलायला तो वळला आणि बोर्ड निघाला. एक पाय बांधलेला, एक मोकळा, असा ल्युबेन बसल्या बसल्या घसरत गेला तो थेट रालित्साच्या बुटांशी थांबला. ती काहीतरी चघळत होती. ल्युबेनला गालिचा दिसला. पोरांची नाकंही दिसली.

"ल्युबेनकाका," ती म्हणाली, "उभ्याने घाला ना. त्यासाठीच घेतल्यात ना नव्या?"

"नव्या?"

"स्पास्काकाकू सकाळी शाळेत नव्या वस्तूबद्दल चॉकलेटांचा डबा ठेवून गेल्या. सगळ्यांनी खाल्ली. छान होती, अक्रोडाची."

ल्युबेनने मागे पाहिलं. पाचही जणांनी मान खाली घातली आणि आपापले पट्टे शोधू लागले.

मग लपवायला काही उरलंच नाही. रालित्साने हात दिला, तो उभा राहिला, पाय सरकवला, खटका लावला. बाकीचे पाच अजून बसलेलेच होते. रालित्साने त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मोठ्यांचा वर्ग ल्युबेनच्या नावावर लिहिला.

"तू बोलणार नव्हतीस," घरी आल्यावर तो म्हणाला.

"नाहीच बोलले. त्यांनी विचारलं कशाबद्दल, मी पायाकडे बोट दाखवलं. लाभली की नाही?"

ल्युबेनने ताट पुढे ओढलं.

मंगळवारी त्रायानची बायको शाळेत डबा घेऊन आली. गुरुवारी आणखी दोघींच्या नवऱ्यांना काहीतरी नवं लाभलं. त्रायानच्या डब्यातली चॉकलेटं स्पास्काने स्वतः चाखून पाहिली. अक्रोड नव्हते. शेंगदाणे होते.