चार चंद्रांसह गुरू

नागनाथ मास्तरांनी शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिले : 'गुरुवारी दिवेलागणीनंतर शाळेच्या गच्चीवर गुरूचे दर्शन. सोबत चार चंद्र. सर्वांनी लाभ घ्यावा.' मग दोन पावले मागे सरून त्यांनी ते वाचले. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती.

मास्तर गणित शिकवत. धाकट्या भावाने हैदराबादेहून आणून दिलेली दुर्बीण लावून वर्षभर ते एकटेच तुरीच्या शेतात बसत. आपण पाहतो ते लेकरांनीही पाहावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. हेडमास्तर जगदेवप्पांनी मोठ्या मिनतवारीनंतर गच्चीची किल्ली दिली, तीही अट घालून.

"मास्तर, गाव आलं तर दर म्हैन्याला गच्ची तुमची. न्हाई आलं, तर ही नळी पुन्ना शाळेत आनायची न्हाई."

गाव आले. सगळ्यांत आधी चंद्रभागाबाई भजनी मंडळ घेऊन आल्या. ताटात नारळ, हार आणि ऊद होता. गावाला विज्ञानाची एवढी ओढ आहे हे आपल्याला कळलेच नाही, असे मास्तरांना वाटले. मागोमाग शिवय्या आला. लग्न असो की मौत, गावात माईक शिवय्याचाच असे.

"मास्तर, गुरू कुठवर आल्यात?" त्याने खालून विचारले.

मास्तर भिंगाशी खटपट करत होते. "दुपारीच वर चढलाय की."

गुरूला एकेरीत बोलणारे भक्त शिवय्याने गाणगापुरात पाहिले होते. त्याचा आदर वाढला. "आन् ते चौघं?"

"चौघं त्याला सोडून कुठं जात न्हाईत."

"मंग आता कुठंशी असतील?"

मास्तरांनी वर पाहिले. "हे काय, डोक्यावरच हाय."

शिवय्यानेही वर पाहिले. डोक्यावरून येणारे एकच वाहन त्याला ठाऊक होते. इलेक्शनच्या वेळी चिटगुप्प्याला एक पुढारी उतरला होता, तेव्हाची सगळी तयारी त्याने जवळून पाहिली होती. त्याने माईक हातात घेतला. "सूचना. गुरू हेलिकॉप्टरनं येऊ लागल्यात. मैदान मोकळं करा. चुना आना. तुराट्या पेटवा, वारा कुठला हाय ते पायलटला कळाय पायजे."

वर मास्तरांचे ह्यातल्या कशाकडेच लक्ष नव्हते. गुरू नुकताच भिंगात आला होता आणि चारही चंद्र जागच्या जागी होते. बघता बघता एक चंद्र गेला, मग दुसरा गेला, मग खुद्द गुरूच दिसेना. मास्तरांनी डोळा काढला. आभाळात धूर होता. खाली मैदानात चुन्याचे मोठे वर्तुळ होते आणि त्याच्याभोवती अख्खे गाव हात जोडून उभे होते.

"शिवय्या! हे काय करायलास?"

"गुरू उतरायला जागा!"

"गुरू उतरत नसतो रे! उतरला तर गावच काय, दुनिया राहायची न्हाई!"

शिवय्याने घाबरून तेही माईकवर सांगितले. भजन थांबले. लेकरे आयांना बिलगली.

मास्तर धावत खाली आले. माईक घेऊन त्यांनी गुरू म्हणजे ग्रह, चंद्र म्हणजे त्याच्याभोवती फिरणारे गोळे, असे सावकाश, वर्गात सांगतात तसे सांगितले. कोणी हसले नाही. कोणी ओरडलेही नाही. ते त्यांना अधिक लागले.

"म्हंजे कुनी येनार न्हाई?" चंद्रभागाबाईंनी विचारले. "सकाळपासनं उपाशी हाय मी. आता नारळ कुनाम्होरं फोडू?"

जगदेवप्पांनी हात पुढे केला. "मास्तर, किल्ली."

मास्तरांनी किल्ली काढून दिली. "सर, कुलूप लावा. पर ह्या उपाशी बाईंस्नी येकदा बघू द्या."

तुराट्यांवर घागरी ओतल्या गेल्या. धूर हळूहळू विरला. चंद्रभागाबाईंनी जिन्याखाली चपला काढल्या, वर आल्या आणि पदर सावरून नळीला डोळा लावला. बराच वेळ त्या हलल्या नाहीत.

"येका वळीत बसल्यात चौघं," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "आन् ह्येच्या अंगावर भस्माचे पट्टे हायत."

"ते ढग हायत, बाई."

"असतील की. भस्म बी उडतंयच."

भस्माचे पट्टे, हा शब्द माईकविना मैदानात पोचला. रांग जिन्यावरून फाटकापर्यंत गेली. सगळ्यांच्या चपला खाली होत्या. चंद्रभागाबाईंनी कठड्याशी नारळ फोडला आणि उपास सोडला. मास्तर प्रत्येकाला ढगच सांगत होते आणि प्रत्येक जण मान डोलावून भस्मच बघत होता. लेकरे मात्र ढग म्हणत होती.

शेवटी जगदेवप्पांनी चप्पल काढली आणि पाहिले. मग किल्ली मास्तरांच्या हातावर ठेवली. "पुढल्या म्हैन्याला कोन?"

मास्तरांनी विचार केला. मंगळ म्हटले, तर लग्नाच्या मुलींचे बाप पत्रिका घेऊन येतील. शनी म्हटले, तर गच्चीवर तेलाने पाय ठरायचा नाही. "चंद्र," ते जपून म्हणाले. "नुसता चंद्र."

खाली शिवय्या तयारच होता. "सूचना! पुढल्या म्हैन्याला चांदोमामा. ज्या बायांना भाऊ न्हाई, ज्या भाऊबीजेला चंद्राला ओवाळत्यात, त्यांनी ताट घेऊन यावं."

मास्तर तरातरा माईककडे निघाले. जिन्यात चंद्रभागाबाई आडव्या आल्या.

"मास्तर, सात सालाची व्हते तवापासनं लांबूनच ओवाळायले. ह्या नळीतनं त्याचं तोंड नीट दिसंल न्हवं?"

मास्तर थांबले.

"दिसंल, बाई," ते म्हणाले. "फकस्त तोंडावर देवीचे वण लई हायत. तेवढं मनाला लावून घेऊ नका."