वैरागडे काकाजींचं घर बाहेरून लागत नाई

वैरागडे काकाजी रोज संध्याकाळी पाच वाजता स्वतःच्या घरातून बाहेर पडत आणि स्वतःच्याच घरात शिरता येतं का ते पाहत. पायांनी नव्हे, मोबाइलवरून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की आहे. घरचं वायफाय तिथवर पोचत नाही म्हणून ही जागा त्यांनी मुद्दाम निवडलेली. चक्कीच्या ओट्याशी उभं राहायचं, मोबाइलचं वायफाय बंद करायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, एका बोटानं काहीतरी टाइप करायचं आणि मोबाइल कानाला लावून डोळे मिटायचे. मिनिटभरानं डोळे उघडले की चक्कीवाला पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून विचारायचा, "लागलं का जी, काकाजी?"

"नाई ना बाप्पा. घर उचलूनच नाई राह्यलं."

एकदा दळण घेऊन आलेल्या एका बाईंनी हे ऐकलं. म्हातारा घर विसरला असं वाटून त्यांनी काकाजींना हाताला धरलं आणि विचारत विचारत घरापर्यंत आणून सोडलं. काकू दारातच होत्या. "त्यायले घर सापडते बाई," त्या म्हणाल्या, "घराले ते सापडून नाई राह्यले."

काकाजी टेलिफोन एक्स्चेंजमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. सारा जन्म तारांत गेला, त्यामुळे जगात जे काही बिघडतं तो त्यांच्या लेखी लाइनमधला फॉल्ट असे. काकूंचे गुडघे दुखले की, "खालची लाइन खराब हाये." भाजीत मीठ कमी पडलं की, "सिग्नल कमजोर हाये आज." दुसरा नाद टेपचा. तरुणपणापासून टेपरेकॉर्डर खांद्याला लावून ते गावोगावच्या भजनी मंडळांमागे फिरले. मूळ गाव अल्लीपूर, तिथल्या मंडळाच्या तर दोन कपाटं भरून कॅसेटी. रिटायर झाल्यावर तीन वर्षं खपून त्यांनी एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली. हा कॉम्प्युटर समोरच्या खोलीत स्टुलावर, काकूंनी विणलेल्या क्रोशाच्या कव्हराखाली रात्रंदिवस चालू असे. घरात बसून कुठल्याही मोबाइलवर त्यातलं कुठलंही भजन वाजे. फक्त ते घराबाहेर वाजत नव्हतं, आणि काकाजींना ते बाहेरच वाजायला हवं होतं.

मी त्यांची शेजारीण. तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत गल्लीतलं सगळं माझ्याकडे येतं. काकाजी पहिल्यांदा आले तेव्हा हातात राउटरचं माहितीपत्रक होतं आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा.

"वैशू, हे राउटर म्हंजे आमचं पहिलेचं एक्स्चेंज व्हय ना? बाहेरून कॉल आला, नंबर पाह्यला, का बराबर त्या टेबलाले जोडून द्याचा. मंग हे जोडून काऊन नाई देऊन राह्यलं?"

पोर्ट फॉरवर्डिंग हा विषय मी वर्षानुवर्षं शिकवते आहे. इतक्या थोडक्यात तो मला कुणी सांगितला नव्हता.

पहिला फॉल्ट तासाभरात सापडला. बाहेरून येणारं बोलावणं अमुक पत्त्यावरच्या कॉम्प्युटरला द्यायचं, असा नियम काकाजींनी राउटरमध्ये बरोबर लिहिला होता. पण लाइट गेली-आली की राउटर घरातल्या सगळ्या यंत्रांना नव्यानं पत्ते वाटत असे. कॉम्प्युटरचा पत्ता आता काकूंच्या मोबाइलकडे गेला होता. हे मी सांगितल्यावर काकाजी गंभीरपणे आत गेले. "तुह्या मोबाइलवर बाहेरचे लोकं येऊन राह्यले," एवढंच त्यांनी सांगितलं. काकूंनी मोबाइल बंद करून डाळीच्या डब्यात ठेवला आणि दोन दिवस काढलाच नाही. मी कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा बांधून दिला.

तरी चक्कीपाशी घर लागलं नाही. मग लक्षात आलं की भिंतीवर दोन डबे आहेत, एक नेटवाल्या कंपनीचा आणि एक काकाजींनी हौसेनं आणलेला. "म्हंजे एकामागं एक दोन फाटकं," काकाजी म्हणाले, "अन् आपण आतल्याच फाटकाची कडी काढून राह्यलो." बाहेरचं फाटकही उघडलं. मी हॉलमध्ये उभी राहून म्हणाले, "बघा, आता सगळं ठीक दिसतंय."

"आतून सारंच बराबर दिसते," ते म्हणाले आणि चपला घालून चक्कीकडे गेले. दहा मिनिटांनी परत आले, ते मान हलवतच.

मी एकदा कंटाळून म्हणालेही, "काकाजी, ज्याला ऐकवायचंय त्याला पेनड्राइव्ह भरून द्या ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"पेनड्राइव्ह हातात द्या लागते," ते म्हणाले आणि विषय बदलला. म्हातारपणाचा हट्ट, असं मी मनाशी धरलं.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मला खरं कारण सापडलं. राउटर स्वतःचा जो पत्ता दाखवत होता आणि बाहेरचं जग या घराचा जो पत्ता पाहत होतं, ते दोन वेगळे होते. म्हणजे कंपनीनं आमची सगळी वस्ती एकाच पत्त्यामागे बसवली होती. काकाजींनी आपली दारं कितीही उघडली, तरी बाहेरच्या माणसाला ती दिसणारच नव्हती. उपाय सोपा होता. कंपनीच्या ऑफिसात अर्ज देऊन या घरासाठी वेगळा पत्ता मागायचा.

हे सगळं मला त्याच क्षणी समजलं. काकाजी शेजारी खुर्चीवर वाकून बसले होते, बोट ओठांवर. मी सांगायला बसले असते तर तास गेला असता, आणि घरी माझा प्रॅक्टिकलच्या वह्यांचा ढीग पडला होता. मी म्हणाले, "बघते काकाजी, सांगते एक-दोन दिवसांत."

ते एक-दोन दिवस सव्वा महिना चालले. काही मोठं कारण नव्हतं. परीक्षा होत्या, मग पाहुणे, मग दोन दिवस ताप. ऑफिस माझ्या जायच्या-यायच्या रस्त्यावर होतं. काकाजींनी एकदाही तगादा लावला नाही. ते फक्त रोज पाचला चक्कीपाशी उभे राहत, आणि मला कॉलेजातून येताना ते दुरून दिसत, म्हणून मी स्कूटी मागच्या गल्लीतून घालू लागले. हे आता लिहितानाही बोट अडखळतं.

एका सकाळी ते स्वतः आले. बसले नाहीत. दाराची चौकट धरून म्हणाले, "वैशू, आमच्या दादाले पुन्हा लकव्याचा झटका आला. ते लाइनचं थोडं लवकर होईन का?"

कोणता दादा, ते मला माहीत नव्हतं. तेव्हा ते आत आले आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. अल्लीपूरच्या मंडळात गाणारा मुख्य आवाज म्हणजे त्यांचे मोठे भाऊ. कपाटातल्या बहुतेक कॅसेटींवर तोच आवाज. एकदा एका भजनस्पर्धेत दादांचा सूर ऐन वरच्या पट्टीत फाटला, आणि तीही टेप काकाजींकडे होती. पुढे, बावीस वर्षांपूर्वी, काकाजींच्या मुलीच्या लग्नात जेवणं चालू असताना माइक हातात होता, लोक खुशीत होते, गंमत म्हणून त्यांनी ती टेप भोंग्यावर लावली.

"सारा मांडव हासला," काकाजी म्हणाले. "मी बी हासलो. दादा उष्ट्या हातानं पंगतीतून उठला. मंग निरोप धाडला, का तुह्या हातची वस्तू आता मले नोको. दिवाळीचा डबा पाठवला, वापस. स्वेटर पाठवलं, वापस. पेनड्राइव्ह कोणाच्या हातानं देऊ? पण त्याच्या सुनेच्या मोबाइलवर आपोआप लागलं, तं त्याले काय माहीत कुठून आलं. सून तयार हाये. अन् कॉम्प्युटरवर मले दिसते ना, का आता कोणीतरी ऐकून राह्यलं म्हणून. पेनड्राइव्ह दिला तं ऐकला का फेकला, हे कसं समजीन मले?"

मी त्याच दिवशी रजा टाकली. अर्ज द्यायला पंधरा मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी वेगळा पत्ता मिळाला, मी तो राउटरमध्ये भरला आणि काकाजी चक्कीकडे गेले. परत आले तेव्हा मोबाइल अजून कानाला होता. दारात उभे राहून त्यांनी तो माझ्या कानाला लावला. झांजा ऐकू आल्या. 

दुसऱ्या दिवशी तीन वाजता अल्लीपूरहून शीतलनं, म्हणजे दादांच्या सुनेनं, लाइन जोडली. मी तिथेच होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिचं नाव उमटलं आणि खाली एक बारीक रेघ उजवीकडे सरकू लागली. काकाजींनी खुर्ची ओढून पडद्यासमोर घेतली. मी स्पीकर लावू लागले तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. त्यांना भजन ऐकायचं नव्हतं. ते ती रेघ पाहत होते. काकूंनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. एकोणचाळीस मिनिटांनी नाव गेलं, तरी काकाजी आणखी थोडा वेळ बसून होते.

असे नऊ दिवस झाले. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. दहाव्या दिवशी तीन वाजता नाव आलं नाही. चारला फोन आला.

काकू लगेच गेल्या आणि तिकडेच राहिल्या. काकाजी मातीला जाऊन आले, दारातूनच परत फिरलो म्हणाले, आणि दोन आठवडे चक्कीकडेही फिरकले नाहीत. तेरवीला त्यांच्यासोबत मी गेले. अल्लीपूरच्या त्या घरात आम्ही एका कडेला बसलो होतो. पंगती आटोपल्यावर शीतल पाणी घेऊन आली आणि समोरच जमिनीवर टेकली.

"काकाजी, एक सांगू का," ती म्हणाली. "मी मामाजीले सांगतलं होतं, का मोबाइलवर असे जुने भजनं लागतेच म्हणून. पण पहिल्याच दिवशी भजन सुरू व्हायच्या आंधी त्याच्यात कोणीतरी बोललं, 'बोल दादा, चालू झालं.' तुमचाच आवाज तो."

काकाजींनी ग्लास खाली ठेवला. रेकॉर्डिंग सुरू करताना आपण तसं म्हणायचो, हे ते साफ विसरले होते. शेकडो कॅसेटी चढवल्या, पण सुरुवातीचं बोलणं कापावं हे त्यांना सुचलं नव्हतं.

"मामाजी लय वेळ मोबाइलकडे पाह्यत राह्यले," शीतल म्हणाली. "मले वाटलं, आता बंद कराले लावतात. तं त्यायले बोलता येत नव्हतं नीट, तरी म्हणाले, 'आवाज वाढव.'"

काकाजी उठले. हात धुवायचे म्हणून अंगणातल्या नळाकडे गेले आणि बराच वेळ नळ सोडून तिथेच उभे राहिले.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. बाहेर कापूस निघून गेलेली शेतं, पऱ्हाट्यांचे ढीग. मला राहवेना. मी म्हणाले, "काकाजी, तुमच्या लाइनचा खरा फॉल्ट मला संक्रांतीनंतरच समजला होता. सव्वा महिना मी काही केलं नाही. केलं असतं तर दादांना नऊ दिवसांऐवजी..." 

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मांडीवरचे हात एकदा उलटे केले, पुन्हा सुलटे केले. गाडी एका फाट्यावर थांबली, दोन बाया चढल्या, कंडक्टरनं घंटी दिली.

"अल्लीपूर आपल्या घरून एक-दीड तासाचं हाये, वैशू," ते म्हणाले. "बावीस वर्ष गाड्या चालूच होत्या."

मग त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली आणि आमचं वर्धा येईपर्यंत बाहेर पाहत राहिले.