चंद्र चालू आहे

लोणावळ्यात आमच्या आळीत घड्याळं चार होती, पण वेळ सांगायचा अधिकार एकट्या सखारामआबांना होता. मालगाडीचे गार्ड म्हणून पेन्शनीत निघालेले आबा रोज सकाळी कोटाच्या खिशातलं घड्याळ घेऊन स्टेशनवर जात, तिथल्या घड्याळाशी मिळवून घेत आणि परतताना दारोदार थांबून आमची घड्याळं नीट लावत. कोणी बोलावलेलं नसे. त्या काळी मुंबई शहराची वेळ रेल्वेच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटं मागे असे. तिथली घरं, शाळा, गिरण्या सगळं त्या मुंबई टाइमावर चाले, आणि आबांना त्याचा मनस्वी संताप. "यवढी मोठी मुंबई आन् घड्याळ मागं. त्याला का टाइम म्हनायचं?" असं ते हवा खायला आलेल्या अनोळखी पाहुण्यांनाही भर रस्त्यात विचारत.

अशा माणसाने एकदा नातीला घरीच शिकवायचं मनावर घेतलं.

चंपी दोन वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून ती आबांकडे. बाप, म्हणजे आबांचा मुलगा वसंत, परळला गिरणीत कारकून होता. त्याने दुसरं लग्न केलं, बिऱ्हाड थाटलं, आणि चंपीला पाचवं लागल्यावर 'शाळेत घालायला घेऊन जातो' असं कार्ड टाकलं. आबांनी उलट टपाली कळवलं की पोरीची बिगरी घरी सुरू केली आहे. पहिला धडा चंद्राचा. तो पुरा झाला की न्यावी, मधेच मोडता येत नाही. मी तेव्हा पोस्टात होतो. लोकांची उघडी कार्डं वाचायची नसतात हे मला माहीत आहे.

शाळा मोठी शिस्तीची होती. विषय हजर असेल तेव्हाच वर्ग, म्हणून शुद्ध पक्षात संध्याकाळी आणि वद्य पक्षात सकाळी. अमावास्येला सुट्टी. आबांनी "लाइन क्लिअर" म्हटल्याशिवाय धडा सुटत नसे. चंद्राच्या कला भाकरीवर शिकवल्या जात. अख्खी भाकरी म्हणजे पौर्णिमा. मग चंपीने एकेक घास खायचा आणि तिथी सांगायची, अष्टमीला अर्धी, अमावास्येला ताट रिकामं. पण नवमीच्या सुमाराला पोरीचं पोट भरे, आणि उरलेला वद्य पक्ष आबांना खावा लागे.

गणितही त्यातच. "चंद्र रोज पन्नास मिनटं लेट. दोन दिसांत किती?"

"शंबर."

"माज्या हाताखाली आसता तर घरी बसवला आसता," आबा म्हणत.

मी एकदा सुचवून पाहिलं, की आबा, जगात चंद्राखेरीजही विषय आहेत. "हायती की," ते म्हणाले. "पर येका लाइनीवर येका टायमाला येकच गाडी सोडायची."

माझ्या आईला मात्र आबांचा फार भरवसा. संकष्टीचा उपास ती पंचांग बघून सोडत नसे, आबांना विचारून सोडत असे. "पंचांगवाला लोहगड मोजत न्हाई," आबा तिला समजावत. "चंद्राला लोहगड चडायला अकरा मिनटं लागत्यात." आणि खरंच, आईने ताट घेऊन बाहेर यावं आणि चंद्राने डोकं वर काढावं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

पावसाळ्यात लोणावळ्यात शेजारचं घर दिसत नाही, तिथे चंद्र कुठला दिसायला. वसंताने विचारलं की आबांचं कार्ड जाई, 'चंद्र ढगात आहे. धडा थांबला आहे.' पुढच्या महिन्यात, 'ढग तसेच आहेत.' पोस्टात आम्ही ती कार्डं एकमेकांना वाचून दाखवत पोट धरून हसत असू. मला तेव्हा मूलबाळ नव्हतं आणि अक्कलही बेताचीच होती.

पाऊस सरला, आणि चंपीने ओटीच्या भिंतीवर रोजचा चंद्र चुन्याने काढायला घेतला. एका महिन्याची एक ओळ भरली. खाली दुसरी अर्धीअधिक होत आली, तेव्हा कार्तिकात वसंता स्वतःच येऊन थडकला. मी तिथेच बसलो होतो.

"आबा, झाला का चंद्र?"

"न्हाई अजून. पाटीमागची बाजू राहिलीया."

"ती कुणाला दिसते?"

"कुनालाच न्हाई. म्हनून तर येळ लागतोय."

वसंताला हसू आलं. त्याने चंपीला जवळ घेऊन तेच विचारलं. तिने भिंतीकडे नीट पाहिलं. पोर शिकवल्याप्रमाणे खरं बोलणारी.

"आबा, खालची वळ वरच्यावानीच हाय की. आता फुडं बी त्येच येनार. समदं झालं."

तिला वाटलं, आबा शाबासकी देतील. आबांनी दिलीही. डोक्यावर हात ठेवला, खिशातलं घड्याळ काढलं आणि बराच वेळ त्यात पाहत राहिले. मग म्हणाले, "चार वीसची गाडी हाय. लाइन क्लिअर." त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की तो धडा इतके महिने का चालला होता. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

चंपी गेल्यापासून आबा आमची घड्याळं लावायला फिरकले नव्हते, पण पुढच्याच संकष्टीला आईने नेहमीसारखं त्यांनाच विचारलं. "आट वीस," ते म्हणाले. आठ वीसला आई ताट घेऊन अंगणात उभी. चंद्र नाही. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले, उपाशी आई आबांच्या नावाने बोटं मोडू लागली. चंद्र वर आला तेव्हा आमच्या घड्याळात नवाला एक मिनिट कमी होतं.

मी तडक आबांकडे गेलो. ते ओटीवर त्या चुन्याच्या चंद्रांखाली बसले होते, घड्याळ तळहातावर. मी वाकून पाहिलं.

"आबा, घड्याळ मागं पडलंय तुमचं."

"पडलं न्हाई. म्याच लावलंय. मुंबई टाइम हाय." माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पोर तितं त्या टायमानं उटती, त्याच टायमानं साळंला जाती. आता जेवून निजायच्या बेतात आसंल. आपल्या टायमानं बगाया गेलं तर चुकामूक हुती."

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती नुकती पहिला घास घेत होती, तो हातातच राहिला.

"त्यांना काही बोलू नकोस," ती म्हणाली.

पुढे दर संकष्टीला ती आबांनाच वेळ विचारत राहिली. ते सांगत, ती मान डोलावी, आणि घरी येऊन त्यात एकोणचाळीस मिनिटं मिळवून मग नैवेद्याला लागे.