माफीचं कलम

देवासमधल्या आपल्या खोक्यांच्या कारखान्यात गिऱ्हाइकाचं नाव उलटं छापलं म्हणून बळवंतराव सगळ्यांदेखत कुसुमावतींना "तुमचं आता वय झालं, घरी बसा" असं म्हणाले, तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर होता. तो डोळ्यांवर आल्यावर त्यांना दिसलं, की त्या नमुन्यावर पास केल्याची सही त्यांची स्वतःचीच होती.

कुसुमावती सुपरवायझर, कारखाना सुरू झाला तेव्हापासूनच्या. त्या गेल्या तर मशिनं चालली असती, माणसं नसती. बळवंतराव माफी मागायला उठलेच होते, एवढ्यात त्यांना तो विमा आठवला. कामगारानं मालकावर केस केली तर खर्च विमा कंपनी सोसणार, असा. धारच्या विमा एजंट पुतण्यानं, मयुरेशनं, तो दिवाळीत त्यांच्या गळ्यात मारला होता. त्यांनी त्याला फोन लावला.

"काका, माफी अजिबात मागू नका."

"अरे, चूक माझी आहे."

"तेच तर बोलायचं नाही. माफी म्हणजे कबुली. कबुली दिली की कंपनी हात वर करते. आणि तुम्ही वयावरून बोललात, म्हणजे पक्की केस आहे."

"मग करू काय?"

"नॉर्मल रहा."

बळवंतराव नॉर्मल राहू लागले. कुसुमावती समोर आल्या की ते मान खाली घालून स्टेपलर तपासत. नमस्कारही कलमात बसेल की काय, म्हणून तोही बंद केला. कुसुमावतींनी दुपारी आपल्या थर्मासमधला चहा देणं थांबवलं, आणि एक दिवस सुट्टी टाकून त्या धारला गेल्या. त्यांचा भाऊ धारला वकील होता. बळवंतरावांनी घाबरून मयुरेशला कळवलं, मयुरेशनं कंपनीला, आणि कंपनीच्या वकिलानं कारखान्यात फोन करून विचारलं, साक्षीदार किती आहेत? फोन नेमका पॅकिंगवाल्या उदाजीरावांनी उचलला. संध्याकाळपर्यंत साऱ्या शेडला कळलं, की साहेब कोर्टात चालले आहेत.

संक्रांतीला कुसुमावती केबिनमध्ये आल्या. डबा उघडून त्यांनी तिळगुळाची वडी पुढे केली. 'गोड बोला' मात्र म्हणाल्या नाहीत.

बळवंतरावांनी हात मागे घेतला आणि त्यांच्यासमोरच फोन लावला. स्पीकर चालू होता.

"मयुरेश, तिळगूळ घेतला तर कबुली होते का रे?"

"घ्या. पण बोलू नका काही."

कुसुमावती मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे तुम्हालाही कुणी बोलू देत नाहीये?"

"तुम्हालाही म्हणजे?"

"मी त्या दिवशी चिडून शेडमध्ये सांगितलं, साहेबांना आता दिसेनासं झालंय, त्यांच्या सूनबाईंच्या हाती द्या म्हणावं कारखाना. मग उदाजीराव म्हणाले, साहेब गवाह गोळा करताहेत. माझी तर नींदच उडाली. भाऊ म्हणतो, ताई, माफी मागशील तर फसशील, चुपचाप बस."

बळवंतरावांनी वडी तोंडात टाकली. छातीवरची खोक्यांची अख्खी चवड उतरल्यासारखं त्यांना वाटलं. "चुकलं माझं. नमुना मीच पास केला होता."

"ठाऊक आहे, सही पाहिली होती मी. माझंही चुकलं." त्या थर्मास घेऊन आल्या. "दिसत नाही तुम्हाला, ते मात्र खरंय."

दोघं बशीत फुंकर घालत बसले.

"साहेब, मालकानं कामगारावर केस केली, तर त्याचा असतो का हो विमा?"

फोन अजून चालूच होता. "मावशी," आतून आवाज आला, "मी फॉर्म घेऊन दुपारपर्यंत देवासला पोचतो."