निमकर मजेत आहे

“देशपांडे सकाळपासून दगडामागे तोंड खुपसून बसला आहे, अन् कुलकर्णी दोन दिवसांपासून जेवून नाही राहिला.”

जयपूरच्या वैशाली नगरात आमच्या सामानाचा ट्रक लागला, त्या दिवशी शेजारच्या फाटकातून चहाची किटली घेऊन आलेले गृहस्थ माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे. जून महिना, आमचे हे हमालांशी हुज्जत घालतायत, माझी आठ वर्षांची मुग्धा उन्हानं रडवेली झालेली, आणि हा माणूस शांतपणे दोन मराठी माणसांची दुर्दशा सांगतोय. मी घाबरून विचारलं, “अगं बाई! डॉक्टरला दाखवलं का?”

“डॉक्टर कशाला बाप्पा? संध्याकाळी पाणी बदलतो नं.”

हे पिंपळापुरे काका. मूळचे नागपूरचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, उंच, काटकुळे, आणि कुठल्याही मोसमात बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले, कारण हात कधी पाण्यात घालावा लागेल याचा नेम नाही. काकू जयपूरलाच वारल्या. मूलबाळ नाही. बदलीची नोकरी करत गावोगाव फिरले आणि शेवटचं गाव जयपूर आलं म्हणून इथंच राहिले. मी एकदा विचारलं, “काका, नागपूरला का नाही गेलात परत?” तर म्हणाले, “तिकडे आता मला ओळखते कोण? इथे भाजीवाला तरी ओळखते.”

चहाची किटली परत द्यायला म्हणून मी त्यांच्या घरात गेले आणि दारातच थबकले. बैठकीच्या खोलीत सोफा नाही, टीव्ही नाही. भिंतीला लागून काचेच्या पाच टाक्या, आणि त्यात जे होतं ते बघून मुग्धा माझ्या पदराआड गेली. “आई, ये फिश किती अजीब आहे!” अजीब कसली, भुतं होती ती. एकाच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. एक काळा, अंगावर खवल्यांचं चिलखत, काचेला तोंड चिकटवून लोंबकळत असलेला. आणि एक जाडजूड केशरी मासा, त्याचं तोंड त्रिकोणी उघडं ते उघडंच, मिटायलाच तयार नाही.

“हा देशपांडे,” काकांनी उघड्या तोंडाच्या माशाकडं बोट केलं. “याचं तोंड मिटतच नाही. पॅरट म्हणतात याला. लोक म्हणतात काय ध्यान आहे. मी म्हणतो, सारखा काहीतरी सांगून राहिला आहे, आपल्याला ऐकू येत नाही तर त्याचा काय दोष?”

मग हळूहळू उलगडा झाला. जयपुरातली आपली मराठी मंडळी बहुतेक बदलीवाली. बँक, विमा, केंद्र सरकार. तीन वर्षं झाली की निघाली. निघताना कूलर कुणाला तरी द्यायचा, तुळस कुणाला तरी द्यायची, हा रिवाजच. आणि मुलांच्या हट्टापायी आणलेला मासा पिंपळापुरे काकांना. मासा ट्रकमधून नेता येत नाही हो! दुकानातून आणताना बोटाएवढा गोजिरवाणा असतो, तोच पुढं टेंगूळ काढतो, नाही तर हातभर वाढतो, आणि घरातल्यांना त्याचं तोंड बघवेनासं होतं. असले सगळे नकोसे मासे काकांकडं यायचे. ज्यांचा मासा, त्यांचंच आडनाव त्याला लागायचं.

“रूप काय चाटायचं आहे?” हे काकांचं ठरलेलं वाक्य. मी नाक मुरडलं की हे वाक्य, मुग्धा ओरडली की हे वाक्य. पण मी कबूल करते, त्या माणसाची माशांवरची माया बघण्यासारखी होती. मे महिन्यात जयपूरची लू सुटायची तेव्हा घरातला एकुलता एक कूलर टाक्यांसमोर, आणि काका पलीकडं वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले. फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या आणि त्या टाक्यांत तरंगत सोडायच्या. एकदा आमच्या घरी पाहुणे आले म्हणून मी बर्फ मागायला गेले, तर म्हणाले, “आहे नं, पण तो कुलकर्ण्याचा आहे.” मी तशीच परत आले, काय करणार!

जयपूरजवळच्या चौमूं गावातली गोष्ट तर आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होती. तिथल्या कुणा शर्माजींकडं टाकीच्या काचा साफ करायला आणलेला काळा मासा हातभर वाढला आणि त्यांच्या आईला तो अपशकुनी वाटायला लागला. विहिरीत टाकणार होते म्हणे. काकांना कळलं तसे दुधाचा मोठा डबा घेऊन बसनं चौमूंला गेले. शर्माजी म्हणाले, “भाईसाहब, इसकी शक्ल देखकर तो रोटी नहीं उतरती.” काका म्हणाले, “शक्ल तो मेरी भी ऐसी ही है, आपने चाय तो पिलाई ना?” आणि डबा मांडीवर घेऊन परत आले. कंडक्टरनं दूध समजून झाकण उघडलं, आतला शर्मा बघून तो दोन सीट मागं सरकला. पुढं सहा महिन्यांनी शर्माजींची तीच आई नातवाला घेऊन मासा बघायला आली, येताना घरचं तूप घेऊन आली.

मी काकांना एकदा सहज सुचवलं, “काका, एवढी मेहनत करता, तर दोन-चार सुंदर छोटे मासे का नाही आणत विकत? निळे, चमकणारे.”

“ते कोणाचे?” त्यांनी विचारलं.

“कोणाचे म्हणजे? तुमचे!”

“छे. विकत नाही घ्यायचा. कोणाचा तरी असला पाहिजे,” म्हणाले आणि दाणे टाकायला वळले. मला वाटलं, म्हातारा विक्षिप्तच आहे. तेव्हा मला काही कळलं नव्हतं.

दर रविवारी सकाळी दहाला काका फोनजवळ बसायचे. गुवाहाटीला देशपांडे, भोपाळला कुलकर्णी, चौमूंला शर्माजी. प्रत्येकाला त्याच्या माशाची खबर द्यायची. “हॅलो, पिंपळापुरे बोलून राहिलो जयपूरहून. देशपांडे मजेत आहे. वजन वाढलं थोडं.” मग पलीकडून मुलांच्या परीक्षा, कुणाचं दुखणं, कुणाचं लग्न, असं सगळं यायचं आणि काका “हो का? अरे वा!” करत ऐकायचे. मागं टाकीच्या पंपाची बुडबुड चालूच.

आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात देशपांडे गेला. म्हणजे मासा हो. काका दोन रात्री त्याच्याशेजारी बसले होते, तरी गेला. बोगनवेलीखाली आम्हीच त्याला पुरला, मुग्धानं वर झेंडूचं फूल ठेवलं. पुढच्या रविवारी मी गरम पोहे घेऊन काकांकडं गेले, तर फोन चालू होता. “हॅलो, पिंपळापुरे. हो, हो, मजेत आहे देशपांडे. आत्ताच दाणे खाल्ले त्यानं.”

माझ्या हातात बशी तशीच राहिली. काकांनी फोन ठेवला, पण मान वर केली नाही. मी जरा रागानंच म्हटलं, “काका, अहो खोटं कशाला बोलता? मासाच तो. त्यांना काय, दोन मिनिटं वाईट वाटेल.”

“दोन मिनिटं वाटेल,” काका म्हणाले. “अन् मग? पुढच्या रविवारी काय म्हणून फोन लावू? मी त्यांचा कोण आहे, ताई? त्यांचा मासा माझ्याकडे आहे, एवढंच तर नातं आहे.”

 मी पोहे ठेवले आणि लिंबू विसरले असं सांगून घरी पळाले.

पुढच्याच उन्हाळ्यात आमची बदली जबलपूरला झाली. खोकी भरायला सुरुवात झाली तसे काका रोज फेरी मारायला लागले. सुतळी आणून दे, गॅसचा रेग्युलेटर काढून दे. आणि काही तरी बोलायचं असल्यासारखे दारात रेंगाळायचे. निघायच्या आदल्या दिवशी शेवटी म्हणाले, “माधवीताई, तुमच्याकडे मासा नाही नं?”

मी खोक्यात डोकं घालून बसलेले, पितळी डबे मावत नव्हते, जीव मेटाकुटीला आलेला. फटकन बोलून गेले, “नाही! आणि असली भुतं पाळायची मला हौसही नाही.”

“हो, ते आहेच,” काका म्हणाले. “सहज विचारलं.” आणि गेले.

पाच मिनिटांनी माझ्या हातातला डबा खाली पडला. ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझं कप्पाळ झालं! मेलीची जीभ झडत कशी नाही! चपला घातल्या आणि स्कूटर काढली. मार्केटमधल्या मासेवाल्याच्या दुकानात जाऊन केशरी पॅरटवर बोट ठेवलं. तो म्हणाला, “मैडम, इससे सुंदर वाले भी हैं.” मी म्हटलं, “भैया, मुझे यही चाहिए. मुँह बंद नहीं होना चाहिए.”

प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला रबर, आत पाण्यात तो भांबावलेला मासा, असं घेऊन मी काकांच्या दारात उभी राहिले. “काका, हा आमचा मासा. ट्रकमधून कसा नेणार? तुम्हीच सांभाळा आता.”

काकांनी पिशवीकडं पाहिलं. वर दुकानाचं लेबल चक्क चिकटलेलं होतं. त्यांनी विचारलं, “किती दिवसांपासून आहे तुमच्याकडे?”

“बरेच दिवस झाले.”

“हो. चेहऱ्यावरूनच घरचा वाटून राहिला आहे,” असं म्हणत त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. “मग हा निमकर.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही होतं. आम्ही दोघंही माशाकडंच बघत राहिलो.

जबलपूरला पहिल्याच रविवारी दहाला फोन वाजला. “पिंपळापुरे बोलून राहिलो जयपूरहून. निमकर मजेत आहे.” मग दर रविवारी. निमकरनं नवी टाकी मान्य केली. निमकर शर्माच्या अंगावर धावून गेला. मी इकडून मुग्धाचे मार्क सांगायचे, ह्यांच्या पाठदुखीचं सांगायचे, आणि पलीकडून बुडबुड ऐकू यायची. आमचे हे चिडवायचे, “माझ्यापेक्षा त्या निमकरची चौकशी तू जास्त करतेस.” बरोबरच होतं ते. तो निमकर कधी टॉवेल ओला टाकत नव्हता पलंगावर.

दोन वर्षं हे असं चाललं. मग एका रविवारी दहा वाजले, साडेदहा वाजले, फोन नाही. मी पोळ्या लाटताना चारदा बाहेर येऊन बघितलं. बारा वाजायला आले तेव्हा घंटी वाजली.

“पिंपळापुरे बोलून राहिलो,” काका म्हणाले. “माधवीताई, निमकर गेला. बुधवारी गेला. दहा वाजल्यापासून फोन हातात घेऊन बसलो होतो. देशपांड्यांना मजेत आहे म्हणून सांगितलं नेहमीसारखं. पण तुम्ही बोगनवेलीपाशी माझ्यासोबत उभ्या होत्या. तुम्हाला खोटं सांगता येऊन नाही राहिलं.”

 काकांनी घसा खाकरला. “बरं मग, काळजी घ्या सगळ्यांची. ठेवू?”

ते ‘ठेवू’ मला कळलं. हा रविवार शेवटचा होता.

“थांबा, थांबा!” मी ओरडलेच. “काका, ठेवू नका. मला तुम्हाला विचारायचंच होतं. मी इथं एक मासा पाळलाय.”

“काय म्हणता!” आवाजात जीव आला. “कोणता?”

“पॅरट.”

“तोंड?”

“उघडंच!”

“जेवतो का?”

“तेच तर. जेवतच नाही मेला. काय करू?”

“काय करू म्हणजे? पाणी बदललं का? सगळं एकदम बदलायचं नाही, ताई, थोडं थोडं बदलायचं. अन् उन्हात ठेवली काय टाकी? हे लिहून घ्या, मी सांगतो.” काका वीस मिनिटं सांगत होते. मी कॅलेंडरच्या मागं सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाले, “पुढच्या रविवारी तुम्ही सांगा मला कसा आहे तो. मी दहाला फोन करतो. अन् नाव काय ठेवलं त्याचं?”

“पिंपळापुरे.”

पलीकडं टाकीची बुडबुड. मग काका हसले, पण हसता हसता आवाज कापला. “म्हणजे रूप काय चाटायचं आहे,” म्हणाले आणि फोन ठेवला.

गॅसवरची पोळी करपून कोळसा झाली होती. आमच्या घरात टाकी नव्हती, दाणे नव्हते, माशाचं खवलंसुद्धा नव्हतं. हे वर्तमानपत्राआडून माझ्याकडं बघत होते. त्यांनी स्कूटरची किल्ली पुढं केली.

मासेवाला दुपारचं दुकान बंद करत होता. मी अर्ध्या शटरखालून आत वाकले आणि म्हटलं, “भैया, जिसका मुँह बंद नहीं होता ना, वो एक दे दीजिए. इतवार तक खाना खाने लगना चाहिए.”